बेपत्ता वैमानिकाचा माग : वऱ्हाडातील घरे आणि युद्धाची दप्तरे

युद्धात पायदळातील सैनिक पडतो तेव्हा बहुधा त्याच्या शेजारी कोणीतरी असते, आणि त्याचे शेवटचे क्षण पाहणारा सोबती पुढे कधीतरी घरच्यांना पत्र लिहितो. बॉम्बफेकी विमानाच्या बाबतीत मात्र संपूर्ण चमू एकाच वेळी नाहीसा होतो, तोही शत्रूच्या मुलखावर, जंगलावर किंवा समुद्रावर, आणि तळावर उरते ती केवळ परत न आलेल्या विमानाची नोंद. म्हणूनच अशा मृत्यूंच्या तारेत ‘ठार’ हा शब्द क्वचित असे आणि ‘बेपत्ता’ हा शब्द वारंवार येई. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधील सुमारे 1,25,000 उड्डाणकर्मींपैकी 55,573 जण मरण पावले. ब्रिटन आणि पश्चिम युरोपातील तळांवरून उडालेल्या व ज्यांची कबर कोठेच नाही अशा 20,000 हून अधिक हवाई सैनिकांची नावे लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर कोरलेली आहेत. या दलात भारतीय थोडे होते, तरी लँकॅस्टर विमानावर नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे विमानाचा मार्ग आखणारा अधिकारी म्हणून, काम करून डी.एफ.सी. हे शौर्यपदक मिळवणाऱ्या शैलेंद्र एकनाथ सुकथनकरांसारखे मराठी नाव त्यात सापडते.

भारतीय वायुदलाचे स्वतःचे बॉम्बफेकी युद्ध मात्र युरोपात नव्हे, ब्रह्मदेशाच्या सीमेवर झाले. 8 ऑक्टोबर 1932 रोजी स्थापन झालेल्या या दलात 1 डिसेंबर 1942 रोजी 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रन, म्हणजे हवाई तुकड्या, उभ्या राहिल्या आणि त्यांना ‘व्हेंजन्स’ नावाची अमेरिकी बनावटीची विमाने देण्यात आली. व्हेंजन्स हे सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान होते: लक्ष्याच्या डोक्यावर येऊन वैमानिक नाक खाली करी, जवळजवळ उभ्या रेषेत खाली झेपावे, बॉम्ब सोडी आणि झाडांच्या शेंड्यांपासून फार दूर नसताना विमान पुन्हा वर खेची. विमानात दोघेच असत, पुढे वैमानिक आणि मागे नॅव्हिगेटर किंवा तोफची. बॉम्बकक्षात 500 पौंडांचे दोन आणि पंखांखाली 250 पौंडांचे दोन असे बॉम्ब नेता येत. डिसेंबर 1943 पासून 8 क्रमांकाची तुकडी आराकानच्या आघाडीवर लढली, आणि 1944 मध्ये 7 क्रमांकाची तुकडी आसाम व इंफाळच्या बाजूने लढली. इंजिनातील बिघाड, डोंगरांवर अचानक दाटणारे पावसाळी ढग आणि खालून होणारा गोळीबार यांपैकी कोणत्याही कारणाने विमान कोसळले तरी ते बांबूच्या आणि साल-सागाच्या अशा दाट रानात पडे, की वरून शोध घेणाऱ्याला काही दिसत नसे. सरावाच्या तळांवर झालेले अपघातही पुष्कळ होते, आणि त्यांत गेलेला माणूस लढाईत गेला नाही म्हणून त्याला कमी लेखण्याची एक चुकीची सवय घराघरांत दिसते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग, म्हणजे 1917 मध्ये स्थापन झालेली व युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारी संस्था, असा भेद करीत नाही. 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेत असताना मरण पावलेला प्रत्येक सैनिक तिच्या नोंदीत बसतो, मग तो आराकानात पडलेला असो की सराव-उड्डाणात.

वाशिम जिल्ह्यातील एखादे कुटुंब आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या अशा मृत्यूचा शोध घेऊ लागते तेव्हा पहिला अडथळा लंडनमध्ये नसून भूगोलात असतो. आजचा वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ या नावाचा एक स्वतंत्र जिल्हा होता, पण तो 1905 मध्ये मोडला गेला आणि वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्यात गेले. त्यामुळे दोन्ही महायुद्धांच्या कागदांत ‘वाशिम जिल्हा’ शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही. रिसोडच्या माणसाची नोंद ‘तालुका वाशिम, जिल्हा अकोला, बेरार’ अशी असते आणि कारंज्याचा माणूस मूर्तिजापूर तालुक्याखाली असण्याचा संभव असतो. प्रांताचे नावही तीनदा बदलले: 1950 पर्यंत मध्यप्रांत व वऱ्हाड, त्यानंतर मध्य प्रदेश, 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य, आणि 1960 पासून महाराष्ट्र. परिणामी जुन्या सरकारी कागदांचा माग अकोल्याच्या अभिलेख कक्षात, नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात आणि काही वेळा भोपाळकडेही जातो. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडील हिंगोली तर त्या काळी निजामाच्या राज्यात होती, म्हणून तिकडच्या सोयऱ्यांकडे राहून भरती झालेला तरुण ‘हैदराबाद संस्थान’ या शीर्षाखाली दडलेला असू शकतो.

हैदराबादचा आणि बॉम्बफेकी विमानांचा आणखी एक संबंध येथे सांगण्याजोगा आहे, कारण वऱ्हाड कागदोपत्री निजामाचाच मुलूख होता आणि 1902 च्या करारान्वये तो इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने दिलेला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निजामाने दिलेल्या पैशांतून ब्रिटिश हवाई दलाच्या 110 क्रमांकाच्या तुकडीला डीएच-9ए जातीची बॉम्बफेकी विमाने मिळाली, प्रत्येक विमानावर ती निजामाची भेट असल्याचा मजकूर लिहिलेला होता, आणि त्या तुकडीच्या नावात ‘हैदराबाद’ हा शब्द कायमचा आला. त्यांपैकी एफ-1010 हे विमान ऑक्टोबर 1918 मध्ये जर्मनांच्या हाती पडले, त्यातील दोघे युद्धकैदी झाले, आणि पुढे पोलंडमधील संग्रहातून ब्रिटनमध्ये परतलेले ते विमान आज लंडनच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. हीच तुकडी दुसऱ्या महायुद्धात व्हेंजन्स विमाने घेऊन भारत-ब्रह्मदेश आघाडीवर लढली.

शोधाची सुरुवात घरातून करावी असे सर्वच जाणकार सांगतात, परंतु वऱ्हाडातल्या घराचे आणि गावाचे कागद कोणते, हे मात्र बाहेरच्या मार्गदर्शक पुस्तकांत नसते. गावच्या जन्ममृत्यूची नोंद ज्या वहीत होत असे ती कोतवाल बुक म्हणून ओळखली जाते आणि तिची नक्कल तहसील कार्यालयातून मिळू शकते. परदेशात किंवा दूर आघाडीवर झालेला मृत्यू तीत बहुधा नसतो, पण जन्माची नोंद, वडिलांचे नाव आणि जात यांचा आधार तेथे मिळतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे वर्ष असते. वायुदलात वैमानिकच नव्हे तर फिटर, वायरलेस ऑपरेटर, तोफची यांच्यासाठीही इंग्रजी शिक्षण लागे, म्हणून वाशिम, अकोला किंवा अमरावतीच्या हायस्कुलाचे रजिस्टर हा या शोधातला मोलाचा दुवा आहे. शेतजमिनीचा वारसान फेरफार त्याहूनही उपयोगी ठरतो, कारण माणूस बेपत्ता झाल्यावर त्याच्या हिश्शाची जमीन भावांच्या किंवा विधवेच्या नावे चढवताना तलाठ्याला कारण आणि साल लिहावेच लागते. चौथा साधनसंग्रह धार्मिक आहे: त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी आणि गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कुळांच्या भेटी पिढ्यान्‌पिढ्या नोंदल्या जातात, आणि एखाद्या तरुणासाठी 1944 किंवा 1945 मध्ये तेथे विधी केल्याची नोंद मिळाली तर मृत्यूचा काळ एकदम आटोक्यात येतो. वृत्तपत्रांकडे वळायचे तर अकोल्याच्या ‘मातृभूमि’चे आणि नागपूरच्या ‘महाराष्ट्र’चे त्या वर्षांतील अंक पाहावेत.

ट्रंकेतल्या वस्तूंचे वाचनही शिकून घ्यावे लागते. बर्मा स्टार हे पदक असेल तर माणूस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेला होता हे जवळजवळ निश्चित होते, आणि केवळ वॉर मेडल व इंडिया सर्व्हिस मेडल असेल तर त्याची सेवा बहुधा देशातच झाली. पत्राच्या पाकिटावरील सेवा क्रमांक हा सर्वांत मोलाचा, कारण आडनाव दहा जणांचे एकच असते आणि क्रमांक एकाचाच असतो. भारतीय वायुदलातील अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी त्या काळी ‘आयएनडी’ ही अक्षरे असत, त्यावरून तो माणूस ब्रिटिश दलात होता की भारतीय दलात हेही कळते.

तुकडीचे नाव हाती आले की शोधाचे रूपच पालटते. प्रत्येक स्क्वाड्रनला रोजच्या कामाची नोंदवही ठेवणे बंधनकारक होते; तीत कोणते विमान, कोणत्या क्रमांकाचे, कोण दोघे बसून, किती वाजता निघाले आणि परतले की नाही हे लिहिले जाई. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या नोंदवह्या ‘एआयआर-27’ या मालिकेत आहेत. भारताच्या बाजूला संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार ही दोन ठिकाणे आहेत. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार जुने दप्तर अभिलेखागाराकडे जायला हवे, आणि 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागद साधारणतः 25 वर्षांत खुले करण्याचे धोरण जाहीर केले आहे. या नोंदवह्या वाचताना एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे एका ओळीत माणूस संपतो: विमान उडाल्याची वेळ असते, आणि उतरल्याच्या वेळेचा रकाना मोकळा असतो. तरीही त्या ओळीचे मोल फार मोठे आहे, कारण घरात ‘तो ब्रह्मदेशात गेला’ एवढीच कथा उरलेली असते आणि नोंदवही त्या कथेला दिवस, ठिकाण आणि सोबत्याचे नाव देते. तो सोबती कदाचित पंजाबचा, बंगालचा किंवा मद्रासचा असेल. त्याच्या घरच्यांनाही दुसऱ्याचे नाव माहीत नसेल, आणि दोन कुटुंबांची गाठ पडावी यासारखे फळ या शोधाला दुसरे नाही.

स्मारके कोणत्या तत्त्वावर उभी केली गेली हे समजल्याशिवाय नाव सापडत नाही. दक्षिण व पूर्व आशियात आणि त्याभोवतालच्या समुद्रांवर बेपत्ता झालेल्या हवाई सैनिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत, आणि तेथील एकूण नावे 24,000 हून अधिक आहेत. म्हणजे आराकानात कोसळलेल्या वऱ्हाडी तरुणाचे नाव इंफाळला नव्हे तर सिंगापूरला असू शकते. ज्यांचे देह मिळाले आणि धर्माप्रमाणे दहन झाले त्यांची कबर नसतेच. इंफाळच्या दहन-स्मारकावर अशी 868 नावे आहेत. महाराष्ट्रातील खडकी युद्धसमाधिस्थळात दुसऱ्या महायुद्धातील 1,668 कबरी आहेत आणि त्या पश्चिम व मध्य भारतातील विखुरलेल्या दफनभूमींतून एकत्र आणल्या गेल्या, म्हणून विदर्भातल्या एखाद्या अपघातात गेलेल्या परदेशी वैमानिकाचा शोध घेणाऱ्या कुटुंबाला पुण्याला यावे लागते. आयोगाच्या यादीत अनेक इंग्रजी नावांपुढे आईवडिलांचे नाव व गाव आढळते, तर भारतीय नावांपुढे तो भाग पुष्कळदा रिकामा दिसतो. ही केवळ कारकुनी उणीव नव्हती. एप्रिल 2021 मध्ये आयोगाने नेमलेल्या समितीने मान्य केले की पहिल्या महायुद्धातील 45,000 ते 54,000 मृतांचे, ज्यांत भारतीय बरेच होते, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान 1,16,000 जणांची नावे कोरलीच गेली नाहीत. आयोग आता पुराव्यानिशी आलेल्या दुरुस्त्या स्वीकारतो, आणि वऱ्हाडातील कोतवाल बुकाची नक्कल हा असाच एक पुरावा आहे.

नावाच्या चुकीने काय होते, हे मुंबईच्या लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकरांच्या प्रकरणावरून कळते. ते पहिल्या महायुद्धातील भारतीय वैमानिकांपैकी एक. 23 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवीत असताना जून 1918 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ते परतले नाहीत, आणि जर्मनांच्या ताब्यात 30 जूनला जखमांमुळे मरण पावले. जर्मनांनी केलेल्या नोंदीत त्यांचे आडनाव ओळखू न येण्याइतके बिघडलेले होते, म्हणून ती कबर त्यांचीच असे ठरवण्यास युद्धानंतर चौकशी करावी लागली. आज त्यांची समाधी सोम नदीच्या खोऱ्यातील हँगार्ड या गावी आहे. ज्या काळी भारतीय तरुणाला हवाई दलात अधिकारपद मिळणेच दुर्मीळ होते त्या काळातील या अधिकाऱ्याचे नाव महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांत यावे, इतके ते मोलाचे आहे.

देहाची ओळख पटवण्याच्या शास्त्राला विमानांच्या अशा अपघातांमुळे चालना मिळाली. सैनिकाच्या गळ्यातील ओळखबिल्ले दुसऱ्या महायुद्धात दाबलेल्या तंतूंचे असत आणि पेटलेल्या विमानात ते जळून जात. युद्धानंतर सुमारे 42,000 बेपत्तांच्या शोधासाठी ब्रिटिश हवाई दलाने उभारलेल्या पथकांनी म्हणून दुसऱ्या खुणा वापरल्या: इंजिनावरील व मशिनगनवरील क्रमांक, कपड्यांवरील धोब्याच्या खुणा, अंगठी, दात. इंजिनाच्या क्रमांकावरून विमान ठरे, विमानावरून चमू ठरे, आणि मग चमूतील कोण कोणता हा प्रश्न उरे. आज त्याला डीएनएचे उत्तर आहे. मायटोकाँड्रियल डीएनए हा पेशीतील असा वारसा आहे की जो आईकडून मुलांना जातो आणि पुढे फक्त मुलींमार्फत वाहतो, त्यामुळे हरवलेल्या माणसाची ओळख त्याच्या मुलापेक्षा त्याच्या बहिणीच्या किंवा भाचीच्या नमुन्यावरून अधिक सहज पटते. वंशावळीत सासरी गेलेल्या मुलींची नावे न लिहिण्याची आपल्याकडील पद्धत या ठिकाणी फार महागात पडते. 25 जानेवारी 1944 रोजी चीनमधील कुनमिंगहून आसामातील चबुआकडे निघालेले अमेरिकेचे बी-24 जातीचे आठ जणांचे बॉम्बफेकी विमान अरुणाचलातील डामरोजवळच्या डोंगरात कोसळले, 2006 मध्ये त्याचे अवशेष सापडले, आणि त्यातील रॉबर्ट ऑक्सफर्ड या लेफ्टनंटची ओळख 2017 मध्ये निश्चित होऊन त्याचे अवशेष जॉर्जिया राज्यातील त्याच्या गावी पोचले. अमेरिकेने त्यासाठी कायमची संस्था ठेवली आहे. त्याच डोंगररांगांत आणि त्यापलीकडे गेलेल्या भारतीय हवाई सैनिकांसाठी अशा सातत्याच्या शोधसंस्थेची गरज आहे, आणि ती नसणे ही आपली मोठी उणीव आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत हा प्रश्न आणखी अवघड झाला. 5 डिसेंबर 1971 रोजी फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हे 32 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे सुखोई-7 हे लढाऊ-बॉम्बफेकी विमान घेऊन पाकिस्तानातील शोरकोटच्या हल्ल्यावर गेले आणि परतले नाहीत. तिकडच्या एका वृत्तपत्राने पकडलेल्या वैमानिकांत ‘टॉम्बे’ असे एक नाव छापले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी आपले आयुष्य या एका प्रश्नाच्या पाठपुराव्याला दिले. बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांची पथके 1983 आणि 2007 मध्ये पाकिस्तानातील तुरुंगांत जाऊन आली. भारत सरकारच्या यादीत असे 54 सैनिक होते, पाकिस्तानने ते आपल्या ताब्यात असल्याचे सतत नाकारले, आणि प्रश्न सुटला नाही. महायुद्धातल्या बेपत्तांच्या बाबतीत कागद उघडले की उत्तर मिळण्याची आशा तरी असते. येथे उत्तर दुसऱ्या राष्ट्राच्या इच्छेवर अवलंबून राहिले.

मृत्यू सिद्ध न होता स्मरण कसे करायचे, याचा विचार आपल्या परंपरेने आणि कायद्याने वेगवेगळ्या वाटांनी केलेला आहे. भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 108 प्रमाणे ज्याच्याविषयी सात वर्षे काही ऐकू आले नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येई, आणि 2024 मध्ये त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. धर्मशास्त्राने बारा वर्षांची वाट पाहण्याची मुदत सांगितली आणि देह न मिळालेल्यासाठी पळसाच्या पानांची प्रतिमा करून दहन करण्याचा पालाशविधी दिला. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी पितृपक्षातील चतुर्दशी राखून ठेवली, आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. अनेक घरांत बेपत्ता मुलाचा विधीच झाला नाही, कारण आईने तो होऊ दिला नाही; अशा घरात नोंदवहीतून मिळालेली निश्चित तारीख ही केवळ माहिती राहत नाही, तिच्यामुळे तिथी ठरते आणि थांबलेले कर्तव्य पार पडते.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर, जे 25 फेब्रुवारी 2019 रोजी खुले झाले, स्वातंत्र्योत्तर काळातील वीरांची नावे आहेत. महायुद्धांत गेलेल्यांचा समावेश त्यात नाही. त्यांच्या स्मरणाचा भार म्हणून गावावर आणि कुटुंबावर येतो. वीरगळ उभारणाऱ्या समाजाला तो नवा नाही. मात्र लंडनची नोंदवही शंभर वर्षांनीही तशीच असेल, आणि वाशिम, रिसोड, मालेगाव किंवा मानोऱ्याच्या घरातील वृद्ध मावशीला ठाऊक असलेले तुकडीचे नाव, पाकिटावरचा क्रमांक आणि सासरी गेलेल्या बहिणींची नावे तिच्यासोबत जातील. ज्यांच्या घरी असा हरवलेला माणूस असेल त्यांनी याच वर्षी ती माहिती लिहून काढावी, कागदांच्या प्रती काढून एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि एक गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि नाव, वडिलांचे नाव व गाव या तीन गोष्टी पुराव्यानिशी युद्धसमाधी आयोगाकडे पाठवाव्यात.